पूर्वमंजूर आपत्कालीन निधी: तीन अर्ज, एक नकार आणि तेवीस दिवस

आपत्कालीन निधीसाठी आपल्या संस्थेला पूर्वमंजुरी मिळाली, असं मी विश्वस्तांच्या बैठकीत सांगितलं तेव्हा सगळ्यांत ज्येष्ठ विश्वस्तांनी लगेच विचारलं, "मग पैसे कधी जमा होणार?" मला सांगावं लागलं, की आत्ता काहीच जमा होणार नाही. आपत्ती आली, आपण अर्ज केला, तो इतरांच्या अर्जांसमोर टिकला, तर पैसे येतील. आज मंजूर झाली आहे ती फक्त आपली संस्था. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी मिळाली." मी हो म्हटलं. ही परवानगी मिळवायला आम्हाला सात महिने लागले होते.

त्या सात महिन्यांत आणि नंतरच्या तीन अर्जांत जे अनुभवलं ते इथे लिहिते आहे. मी एका मध्यम आकाराच्या मदतसंस्थेत निधी आणि अहवालांचं काम बघते. प्रस्ताव लिहायचे, बजेट बसवायचं, देणगीदारांच्या शंकांना उत्तरं द्यायची, हे माझं रोजचं काम. त्यामुळे हे परीक्षण अर्जदाराच्या बाजूचं आहे. आमचे अर्ज कोणत्या निधीकडे होते ते मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे एक तक्रार येणार आहे आणि कुणा एका कार्यालयाला दोष द्यायला मी बसलेली नाही.

कोणतं दार कोणासाठी उघडतं ते आधी सांगते. संस्थांचे महिनेच्या महिने वाया जातात ते इथेच. संयुक्त राष्ट्रांचा केंद्रीय आपत्कालीन प्रतिसाद निधी, ज्याला सगळे सर्फ म्हणतात, त्याचं नाव प्रत्येकाच्या तोंडी असतं. डिसेंबर २००५ मध्ये महासभेच्या ठरावाने तो उभा राहिला, मार्च २००६ मध्ये सुरू झाला आणि २०१६ साली त्याचं वार्षिक उद्दिष्ट वाढवून १ अब्ज डॉलर करण्यात आलं. हा आकडा वाचून आमच्याकडेही "इथेच अर्ज करू" असं ठरत आलं होतं. पण सर्फचा पैसा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनाच जातो. तुमच्या-आमच्यासारख्यांना तो मिळाला तर त्या संस्थांमार्फत, त्यांचे अंमलबजावणीतले भागीदार म्हणून. २०२० मध्ये कोविडच्या काळात २.५ कोटी डॉलर आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेमार्फत स्वयंसेवी संस्थांपर्यंत पोचवले गेले, तो अपवाद. रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंटच्या महासंघाचा ड्रेफ हा निधी १९८५ पासून चालू आहे, पण तो त्यांच्या राष्ट्रीय सोसायट्यांसाठी. युरोपियन युनियनचं मानवतावादी भागीदारीचं प्रमाणपत्र हवं असेल तर संस्था युनियनच्या सदस्य देशात नोंदलेली असावी लागते. ब्रिटिश सरकारने आपत्कालीन मदतीच्या पद्धतीचा लॉर्ड ॲशडाउन यांनी २०११ मध्ये घेतलेल्या आढाव्यानंतर जलद प्रतिसादाची एक सोय उभी केली आणि २०१३ मध्ये फिलिपिन्समधल्या हैयान वादळात ती वापरली. तिथेही आधीच पारखून ठेवलेल्या मोजक्या संस्थांनाच अर्ज करता येत असे.

आमच्यासारख्यांसाठी खरी दारं दोन राहतात. एक स्टार्ट फंड, म्हणजे स्टार्ट नेटवर्क या मदतसंस्थांच्या जाळ्याचा निधी. एप्रिल २०१४ मध्ये तो सुरू झाला, आणि जगाच्या बातम्यांत न येणाऱ्या लहान आणि मध्यम आपत्तींसाठी तो आहे. जाळ्यातली सदस्य संस्था अलर्ट, म्हणजे आपत्तीची सूचना, पाठवते आणि तिथून ७२ तासांत पैसे कुणाला द्यायचे ते ठरतं. सुरुवातीला ४५ दिवसांत काम आटपायचा नियम होता. दुसरं दार म्हणजे मानवतावादी मदतीचा समन्वय करणारं संयुक्त राष्ट्रांचं ओचा हे कार्यालय ज्या देशांत सामायिक निधी, म्हणजे अनेक देणगीदारांचा एकत्र केलेला पैसा, चालवतं तिथलं. त्यात संस्थेची क्षमता आधी तपासतात, तिला जोखमीची एक पातळी देतात, आणि पैसे किती, किती हप्त्यांत, तपासणीला कोण किती वेळा येणार, हे सगळं त्या पातळीवर ठरतं. अचानक आलेल्या संकटासाठी त्यात राखीव वाटपाची वेगळी सोय असते. दोन्हींचा गाभा एकच: संस्थेची पारख शांततेच्या दिवसांत करून ठेवायची, म्हणजे संकटाच्या दिवशी प्रश्न फक्त कामाचा उरतो.

ही कल्पना मला मनापासून पटते, आणि आधीच्या पद्धतीने काम केलेल्या कुणालाही पटेल. पूर्वी आम्ही पुराच्या तिसऱ्या दिवशी नोंदणीचं प्रमाणपत्र स्कॅन करत बसायचो. कुणीतरी फोनवर विचारायचं की मागच्या वर्षीच्या ताळेबंदावर लेखापरीक्षकांचा शिक्का का दिसत नाही, आणि दुसऱ्या फोनवर आमचा कार्यकर्ता सांगत असायचा की शाळेच्या गच्चीवर दोनशे माणसं आहेत.

आता छाननीबद्दल. याच भागाची सगळे धास्ती घेतात आणि मला सगळ्यांत जास्त शिकायला मिळालं तेही इथेच. यादी लांबलचक असते: नोंदणी, घटना, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, विश्वस्तांची नावं आणि ती निर्बंध यादीत नाहीत याची खात्री, खरेदी धोरण, मालमत्तेची नोंदवही, लैंगिक शोषण आणि अत्याचार रोखण्याचं धोरण, तक्रार निवारण, घोटाळा उघडकीस आला तर कुणी कुणाला कळवायचं त्याचा क्रम. आम्ही चढवलेली कागदपत्रं मी मोजली होती, शहाऐंशी भरली. पहिले दोन महिने नुसती जमवाजमव केली. जे धोरण नव्हतं ते कुठूनतरी नमुना घेऊन लिहून काढलं आणि विश्वस्तांच्या सह्या घेतल्या. मला वाटलं, झालं काम.

मग तपासणीला आलेल्या बाईंनी धोरणाची फाइल बाजूला ठेवली आणि तक्रारींची नोंदवही मागितली. आमच्या वहीत दोन वर्षांत चार नोंदी होत्या. तिसऱ्या नोंदीवर त्यांनी बोट ठेवलं. एका म्हाताऱ्या बाईंनी तक्रार केली होती की वाटपाच्या यादीत मुलाचं नाव आहे, पण मुलगा वेगळा राहतो आणि त्यांना काहीच मिळालं नाही. 'केलेली कार्यवाही' हा रकाना कोरा होता. "या आजींचं पुढे काय झालं?" त्यांनी विचारलं. आम्हा तिघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी फक्त लिहून घेतलं. ते वाक्य अहवालात सुधारणेच्या मुद्द्यांत आलं आणि आम्हाला नव्वद दिवसांची मुदत मिळाली. आम्ही गेलो, आजींना भेटलो. एका घरात दोन चुली असतील तर दोन कुटुंबं धरायची, असा नियम त्यानंतर आमच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये आला. पूर्वमंजुरीची प्रक्रिया नसती तर तो रकाना आजही कोराच असता.

दुसरा प्रश्न खरेदीचा. आमच्या धोरणात ठराविक रकमेच्या वरच्या प्रत्येक खरेदीला तीन दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता सक्तीचा होता. मला त्याचा अभिमान होता. त्याच बाईंनी विचारलं, "बाजारपेठ पाण्याखाली असेल त्या दिवशी तीन दरपत्रकं कुठून आणाल?" आम्ही म्हटलं, अशा वेळी संचालकांची विशेष परवानगी घेतो. "ती परवानगी कुठे लिहिली आहे? आणि तिची मर्यादा काय?" कुठेच लिहिलेली नव्हती. म्हणजे दर आपत्तीत आम्ही आमचंच धोरण मोडत होतो आणि लेखापरीक्षकांना नंतर पत्र लिहून समजावत होतो.

यावर जे केलं ते प्रत्येक संस्थेने करावं असं मी सांगेन, निधी मिळो न मिळो. धोरणात आपत्काळाचं स्वतंत्र कलम घातलं: आपत्ती कुणी जाहीर करायची, ही सूट किती दिवस चालणार, किती रकमेपर्यंत, आणि नंतर किती दिवसांत कागद पूर्ण करायचे. शिवाय ताडपत्री, दोर, जेरीकॅन, स्वच्छतेच्या वस्तू आणि पाणी शुद्धीकरणाच्या गोळ्या यांसाठी शांततेच्या काळातच रीतसर दरपत्रकं मागवून दोन-दोन पुरवठादारांशी वर्षभराचा दरकरार केला. भाव ठरलेला, नमुना कपाटात ठेवलेला, मागणीनंतर किती तासांत माल गोदामातून निघेल ते लेखी. यात आम्ही ताडपत्रीचं एक गाठोडं नाकारलं, कारण काठाच्या कड्या हाताने ओढल्या तर निघून येत होत्या. पुरात ते कळलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

सात महिन्यांपैकी बहुतेक वेळ असा गेला. काही आठवडे मात्र नाहक गेले. एकच माहिती तीन निधींना तीन साच्यांत द्यावी लागते. एकाला विश्वस्तांची यादी जन्मतारखांसह हवी, दुसऱ्याला पारपत्राच्या प्रतींसह, तिसऱ्याला स्वतःच्या एक्सेल तक्त्यातच. एकाने केलेली तपासणी दुसऱ्याने मान्य करावी, ही चर्चा या क्षेत्रात कितीतरी वर्षं चालू आहे. २०१६ मध्ये इस्तंबूलला झालेल्या ग्रँड बार्गेन या समझोत्यात मोठ्या देणगीदारांनी कागदपत्रांचा बोजा कमी करण्याचं आणि २५ टक्के निधी शक्य तितका थेट स्थानिक संस्थांपर्यंत पोचवण्याचं मान्य केलं होतं. माझ्या टेबलावर तो बोजा कमी झालेला मला दिसला नाही. आमच्याकडे या कामाला मी तरी आहे. जिथे एकच माणूस हिशेब, अहवाल आणि वाटप सांभाळतो, त्या संस्थेने शहाऐंशी कागद कधी चढवायचे? आणि आपत्तीत सगळ्यांत आधी पोचते ती बहुतेक वेळा तीच संस्था. स्टार्ट नेटवर्कने पायऱ्यापायऱ्यांची छाननी आणली आहे: लहान संस्थेला थोड्या तपासणीवर आत घ्यायचं, रकमेची मर्यादा कमी ठेवायची, मग हळूहळू वर चढू द्यायचं. ही पद्धत मला न्याय्य वाटते. बाकीच्यांनीही ती उचलावी.

आता प्रत्यक्ष अर्ज. पहिला अर्ज आम्ही हरलो, आणि हरणं बरोबर होतं. नदीकाठच्या अकरा गावांसाठी आम्ही मागणी केली. अर्ज नेटका होता, आकडे होते, छायाचित्रं होती. निवड करणाऱ्या गटात आमच्यासारख्याच दुसऱ्या संस्थांची माणसं होती आणि त्यातल्या एकाने विचारलं की या अकरांपैकी पाच गावांत काल दुसऱ्या संस्थेचं वाटप झालं, ते तुमच्या अर्जात का नाही? आम्ही समन्वयाच्या बैठकीला गेलोच नव्हतो, अर्ज लिहीत बसलो होतो. पैसे त्या दुसऱ्या संस्थेला मिळाले. रात्री झोप लागली नाही, पण प्रश्न चुकीचा होता असं मी आजही म्हणू शकत नाही. दूरच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याला ही गोष्ट कळली नसती. त्याच पाण्यात उतरलेल्या माणसाला ती कळली. निर्णय समव्यावसायिकांनी घ्यायचा, ही या निधीच्या पद्धतीतली सगळ्यांत चांगली गोष्ट आहे असं माझं ठाम मत झालं ते तेव्हा.

दुसऱ्या अर्जात ताडपत्रीवरून प्रश्न आला, आणि तो मी आता प्रत्येक नव्या सहकाऱ्याला कागदावर काढून दाखवते. आम्ही प्रत्येक कुटुंबाला चार बाय सहा मीटरची एक ताडपत्री धरली होती. हिशेब असा: स्फिअर या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय किमान मानकांप्रमाणे माणशी कमीत कमी ३.५ चौरस मीटर छताखालची जागा, पाच माणसांचं कुटुंब म्हणजे १७.५. ताडपत्री चोवीस चौरस मीटरची. भरपूर झाली. निवड गटातल्या एका बाईंनी विचारलं, "ती सपाट अंथरणार आहात का?" मग त्यांनीच हिशेब सांगितला. मधला आडवा दांडा दोन मीटर उंचीवर धरला आणि ताडपत्री दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर सोडली, तर जमिनीवर रुंदी साडेचार मीटरच्याही आत येते. लांबी चार. म्हणजे जेमतेम अठरा चौरस मीटर, आणि त्यातही कडेला माणूस ताठ बसू शकत नाही. शिवाय पुढची-मागची टोकं सताड उघडी. बाईमाणसाने कपडे कुठे बदलायचे? वाऱ्याबरोबर पाऊस आत आला तर लेकरू कुठे ठेवायचं? रेड क्रॉसच्या निवारा संचात चार बाय सहाच्या दोन ताडपत्र्या असतात. त्या तशा का असतात, ते मला त्या रात्री समजलं.

आमच्याकडे दोन पर्याय होते: कुटुंबं निम्मी करायची, किंवा अर्धवट निवारा दुप्पट लोकांना द्यायचा. उत्तर द्यायला तीन तास होते. आम्ही फिल्डवर फोन लावला. तिथल्या दादांनी सांगितलं की ज्यांच्या भिंती उभ्या आहेत आणि फक्त पत्रे उडाले आहेत त्यांना एक पुरते, ज्यांचं घर वाहून गेलं त्यांना दोन लागतील. त्यांनी गाववार दोन रकाने करून वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्यावरून बजेट पुन्हा मांडलं. अर्ज मंजूर झाला, आणि माझ्या मते त्या वहीच्या पानामुळे झाला. अलर्टपासून निर्णयापर्यंत तीन दिवस, आणि आमचा पहिला ट्रक सहाव्या दिवशी गावात. पुरवठादाराशी दर आधीच ठरलेला नसता तर सहावा दिवस शक्यच नव्हता.

आता तक्रार. तिसरा अर्ज वेगळ्या निधीकडे होता. निर्णय चौथ्या दिवशी आला, होकार होता, सगळ्यांना हायसं वाटलं. त्यानंतर करारनाम्याचा मसुदा आला नवव्या दिवशी. त्यात संस्थेचं नाव जुन्या पत्त्यासह होतं, दुरुस्तीला तीन दिवस. मग सही करणारे अधिकारी दौऱ्यावर. मग बँकेच्या तपशिलाची पडताळणी, जी पूर्वमंजुरीच्या वेळी एकदा झालेलीच होती. पैसे खात्यात आले तेविसाव्या दिवशी. या दिवसांत मी किती मेल पाठवल्या ते मोजलेलं नाही, पण प्रत्येकाला सौजन्याने उत्तर आलं आणि कुठल्याच उत्तरात तारीख नव्हती.

तेवीस दिवस लोक थांबू शकत नव्हते. विश्वस्तांनी राखीव निधीतून उचल दिली आणि आम्ही आठव्या दिवशी काम सुरू केलं. त्यात चूक एकच झाली: खर्च कोणत्या तारखेपासून ग्राह्य धरणार, हे आम्ही लेखी विचारलं नव्हतं. करारावर सहीची तारीख पंधरावी होती. अंतिम हिशेबात आठव्या ते चौदाव्या दिवसाची बिलं नामंजूर झाली. वाहतूक, दोन बोटींचं भाडं, पहिल्या साडेतीनशे कुटुंबांचे पाण्याचे कॅन. तो खर्च संस्थेने सोसला आणि वर्षाअखेरीस दोन सहकाऱ्यांच्या पदांना मुदतवाढ देता आली नाही. मी हे लिहिताना अजूनही व्यथित होते. ज्या निधीचं अस्तित्वच वेगासाठी आहे, त्याने सगळ्यांत निकडीच्या आठवड्याचा खर्च नाकारावा, याचं कुठलंही स्पष्टीकरण मला पुरेसं वाटलेलं नाही. काही निधी आपत्तीच्या किंवा अर्जाच्या तारखेपासूनचा खर्च मान्य करतात. तेव्हा पूर्वमंजुरीची कागदपत्रं हातात आल्या दिवशीच हा एक प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी आश्वासनावर बोट भाड्याने घेऊ नका.

अप्रत्यक्ष खर्चाचा मुद्दा थोडक्यात. ओचाच्या सामायिक निधीत आणि युरोपियन युनियनकडे त्याची कमाल मर्यादा ७ टक्के आहे. कार्यालयाचं भाडं, हिशेबनीस, माझ्यासारखीचा पगार, आणि ती शहाऐंशी कागदांची तयारी, हे सगळं यातून निघायला हवं. ते निघत नाही. आणि मधल्या संस्थेमार्फत पैसा आला तर स्थानिक भागीदाराला यातला वाटा मिळेलच असं नाही. आम्ही स्वतः भागीदार घेतो तेव्हा या सात टक्क्यांची विभागणी प्रत्यक्ष खर्चाच्या प्रमाणात करतो आणि ती करारात लिहितो. याचा आग्रह भागीदारांनीही धरावा. मागायला संकोच वाटण्यासारखं त्यात काही नाही.

'पूर्वमंजूर' या शब्दाला पूर्णपणे जागणारा एक प्रकार आहे, तो मला दुरून पाहायला मिळाला. ड्रेफमध्ये २०१८ पासून आगाऊ कृतीची सोय आहे. राष्ट्रीय सोसायटी आधीच आराखडा बनवते: अमुक पूर्वानुमान, अमुक पातळी ओलांडली, की अमुक कामं. तो आराखडा पाच वर्षांसाठी मंजूर होतो, आणि पातळी ओलांडली की पैसे सुटतात, नव्याने अर्ज नाही. सर्फनेही असं करून दाखवलं. २०२० च्या जुलैत बांगलादेशात जमुनेला (ब्रह्मपुत्रेचं तिथलं नाव) मोठा पूर येणार असं पूर्वानुमान ४ जुलैला आलं, ठरलेली पातळी ओलांडली गेली आणि ५२ लाख डॉलर सुटले. जागतिक अन्न कार्यक्रमाने त्यातून सुमारे २३ हजार कुटुंबांच्या हातात रोख पैसे दिले. पाणी अंगणात यायच्या आधी पैसा हातात असला की माणूस गुरं उंचावर हलवतो, धान्य वर ठेवतो, कर्ज काढत नाही. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत स्टार्ट नेटवर्कने स्टार्ट रेडी जाहीर केलं, तेही याच वाटेने जाणारं, आणि त्यात स्वयंसेवी संस्थांना जागा आहे. आमच्या विश्वस्तांनी पहिल्या दिवशी जे गृहीत धरलं होतं, त्याच्या सगळ्यांत जवळ जाणारी व्यवस्था हीच. आम्ही आता तिच्यासाठी आमच्या नदीच्या जुन्या नोंदी गोळा करतो आहोत. भूकंपाला हे लागू होत नाही, आणि पूर्वानुमान चुकलं तरी पैसे खर्च झालेले असतात, हे मान्य करूनच यात उतरावं लागतं.

कुणी अर्ज करावा? ज्या संस्थेचे मागच्या तीन वर्षांचे हिशेब तपासलेले आहेत, जिच्याकडे निदान एक पूर्णवेळ हिशेबनीस आहे आणि जी आपत्तीत उतरतेच, तिने करावा, आणि शांततेच्या दिवसांत करावा. जिच्याकडे दोन महिन्यांचाही राखीव निधी नाही, तिने सध्या एखाद्या सदस्य संस्थेची भागीदार होऊन काम पाहावं. तेवीस दिवस तिला झेपणार नाहीत. आणि ज्यांना वर्षभराचा कार्यक्रम चालवायला पैसे हवेत त्यांच्यासाठी हे नाहीच. स्टार्ट फंडासारख्या निधीत दीड-दोन महिन्यांत सगळं संपतं आणि अंतिम अहवाल मागायला लोक दारात उभे असतात.

आमच्या पूर्वमंजुरीची मुदत या वर्षी संपते आहे आणि नूतनीकरणाचं काम मी मागच्या आठवड्यात सुरू केलं. दरकरारांचे भाव नव्याने मागवले आहेत, ताडपत्रीच्या कड्या या वेळी मी स्वतः ओढून पाहिल्या. तक्रारींच्या वहीत आता एकतीस नोंदी आहेत, दोन सोडून सगळ्यांचा शेवटचा रकाना भरलेला आहे, आणि त्या दोघांकडे आमची सहकारी परवा जाऊन येणार आहे. रांगेबद्दल बोललेल्या त्याच ज्येष्ठ विश्वस्तांनी मागच्या बैठकीत स्वतःहून एक ठराव मांडला: अलर्ट मंजूर झाल्याच्या दिवशी राखीव निधीतून ठराविक रक्कम बैठक न बोलावता उचलता येईल, दोन सह्यांवर. ठराव एकमताने झाला. त्याची प्रत मी फोल्डरमध्ये पहिल्या क्रमांकावर लावली आहे, नोंदणीच्या प्रमाणपत्राच्याही आधी.